इंजिनाचा श्वास

कृष्णाकाठच्या आमच्या आष्टा गावात दिवाळी सरली की हवेला एक निराळाच वास येतो. उसाच्या तुऱ्यांवर दव साचलेले असते, गुऱ्हाळांच्या चुलवणांतून गोडसर धूर निघू लागतो, आणि सांगली-इस्लामपूर रस्त्यावर उसाने लादलेल्या गाड्यांची रांग सुरू होते. आता त्या रांगेत ट्रॅक्टर अधिक दिसतात. १९७४ साली, मी सातवीत असताना, तिच्यात बैलगाड्या पुष्कळ होत्या, थोडे ट्रक होते, आणि त्या थोड्यांमध्ये एक आमच्या घरचा होता.

तो जमशेदपूरच्या कारखान्यात बांधलेला ट्रक होता. टाटा कंपनीने जर्मनीतील डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून १९५४ साली तेथे मालमोटारी तयार करण्यास प्रारंभ केला आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. आमचा ट्रक त्या काळातला. त्याच्या नाकावर तीन टोकांची चांदणी बसवलेली होती. आबांनी तो दुसऱ्याच्या हातून विकत घेतला होता. हंगामात तो ऊस वाही, उन्हाळ्यात सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची पोती नेई, आणि अधूनमधून गूळ भरून कऱ्हाडमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाई. थोरला दादा तो चालवी. विहिरीचे कर्ज, आम्हां भावंडांची शाळा आणि घरातले सणवार यांचा बराचसा भार त्या ट्रकच्या पाठीवर होता. म्हणूनच दसऱ्याला घरी आणलेल्या पाच नारळांपैकी एक न चुकता त्याच्या पुढच्या चाकाजवळ फुटत असे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ट्रकची शक्ती ओसरू लागली. चढावर तो धापा टाकी, मागून काळा धूर सोडी, आणि इंजिनातून एक सारखी टकटक ऐकू येई. पावसाळ्यात कामे थांबली तेव्हा आबांनी इंजिन पुरते उघडून नव्याने बांधायचे ठरवले. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रक उभा राहिला नाही, तर कारखान्याची वाहतूक दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होती. हाताशी असलेले पैसे मोजके होते, आणि ते एकदाच खर्च करता येणार होते.

आमचे मिस्त्री गावातच राहत. शाळा त्यांनी चौथीपर्यंतच पाहिली होती. पण इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पत्र्याच्या छपराखाली जुनी ताडपत्री अंथरून त्यांनी इंजिनाचा एकेक भाग सुटा केला. रॉकेलने धुतलेले पिस्टन, रिंगा, झडपा, स्प्रिंगा ओळीने मांडून ठेवल्या. शाळा सुटली की मी धावत तेथे जाई. सर्वांत शेवटी मिस्त्रींनी इंजिनाच्या पोटातून एक लांब दांडा अलगद ओढून काढला. त्यावर ठरावीक अंतराने अंड्याच्या आकाराचे उंचवटे होते. एकूण बारा. त्यांतले दोन उंचवटे झिजून जवळजवळ बोथट झाले होते.

“टकटकीचे मूळ हे बघ,” मिस्त्री मला म्हणाले. “हा कॅमशाफ्ट. इंजिनाचा श्वास याच्या हाती असतो.”

हा दांडा काय करतो, हे समजून घ्यायचे असेल तर घरच्या घरी एक प्रयोग करून पाहावा. पुठ्ठ्याची एक गोल चकती कापावी, पण तिच्या कडेला एका ठिकाणी उंचवटा ठेवावा. चकतीच्या मधोमध टाचणी टोचून ती फिरती ठेवावी आणि तिच्या कडेवर एक पेन्सिल उभी टेकवावी. चकती फिरू लागली की गोल भागावर पेन्सिल स्थिर राहते. उंचवटा आला की ती वर उचलली जाते, आणि तो निघून गेला की खाली बसते. फिरण्याच्या गतीतून वरखाली होण्याची गती निर्माण होते. ही युक्ती फार जुनी आहे. अल-जझरी नावाच्या थोर कारागिराने १२०६ साली लिहिलेल्या यंत्रविषयक ग्रंथात अशा उंचवट्यांच्या दांड्याचा उपयोग वर्णिलेला आहे. त्या काळी मोटारी नव्हत्या. पण आपोआप हालणारी नवलाईची यंत्रे होती.

आमच्या ट्रकच्या इंजिनाला सहा सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरला एक झडप हवा आत घेण्यासाठी आणि एक धूर बाहेर सोडण्यासाठी. सहा दुणे बारा झडपा, म्हणून बारा उंचवटे. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो. वर येताना ती दाबतो. दाबलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते पेट घेते आणि पिस्टनला खाली ढकलते. पुन्हा वर येताना पिस्टन धूर बाहेर लोटतो. या चार हालचालींत क्रँकच्या दोन फेऱ्या होतात आणि कॅमशाफ्टची एक. क्रँक मिनिटाला दोन हजार वेळा फिरत असेल, तर कॅमशाफ्ट एक हजार वेळा फिरतो. म्हणजे प्रत्येक झडप एका सेकंदात सोळांहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. ती केव्हा उघडावी, किती उघडावी आणि केव्हा मिटावी, हे सारे त्या उंचवट्याच्या आकारात लिहून ठेवलेले असते.

आता प्रश्न असा होता, की झिजलेल्या दांड्याच्या जागी कोणता दांडा बसवावा. मार्ग तीन होते. पहिला, जुनाच दांडा घासून त्याचे उंचवटे पुन्हा मूळ आकारात आणावेत. हा सर्वांत स्वस्त. दुसरा, कंपनीचा नवा दांडा मागवावा. त्याची किंमत घासण्याच्या खर्चाच्या कित्येक पट होती. तिसरा मार्ग दादाने शोधून काढला होता. कोल्हापुरात एका कारागिराने अशाच ट्रकचा दांडा निराळ्या आकारात घासून तयार ठेवला होता. त्याचे उंचवटे अधिक उंच आणि अधिक रुंद होते. दादा एस.टी.ने जाऊन तो दोन दिवसांच्या बोलीवर पाहण्यासाठी घेऊन आला.

“आबा, नव्या गाड्या आपल्याला मागे टाकून जातात,” दादा म्हणाला. त्याच्या स्वरात कळकळ होती. “हा दांडा घातला की झडपा जास्त उघडतील आणि जास्त वेळ उघड्या राहतील. इंजिन छाती भरून हवा घेईल. गाडी पळू लागली, दिवसाला एक खेप वाढली, की हंगामाच्या आत खर्च निघून येईल.”

दादाचे म्हणणे पोकळ नव्हते. अधिक हवा म्हणजे अधिक शक्ती, हे मिस्त्रींनाही मान्य होते. आबांनी लगेच होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. ते म्हणाले, “नवे आहे म्हणून मी ते टाकणार नाही. माझ्या आजोबांनी लाकडी नांगर सोडून किर्लोस्करांचा लोखंडी नांगर घेतला, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढले होते.”

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. बेळगावी असतानाच त्यांनी लोखंडी नांगर घडवला. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीने शेतकरी आरंभी त्या नांगराला हात लावेनात. काही काळाने अनुभवाने त्यांची भीती गेली.

“पण आजोबांनी नांगर घेतला तो लोकांचे ऐकून नव्हे,” आबा पुढे म्हणाले. “आपल्या काळ्या रानात तो एक दिवस चालवून पाहिला, आणि मग घेतला. या दांड्यालाही आपल्या रानात घालून पाहू.”

त्या रात्री जेवणे झाल्यावर आबांनी मला ट्रकची वही आणायला सांगितली. गेल्या हंगामातील प्रत्येक खेपेची नोंद दादानेच तीत केली होती : फडावर केव्हा पोचलो, भरून केव्हा निघालो, कारखान्याच्या रांगेत केव्हा लागलो, वजनकाट्यावर केव्हा चढलो, रिकामा होऊन केव्हा परतलो. कंदिलाजवळ बसून मी वाचत होतो आणि आबा बोटांवर मोजत होते. हिशेब मलाच करायला लावला. सरासरीने एका खेपेत ट्रक भरायला अडीच तास लागत होते. कारखान्यासमोरच्या रांगेत चार-पाच तास जात होते. आणि भरलेला ट्रक प्रत्यक्ष रस्त्यावर किती वेळ धावत होता? जाण्याचा आणि येण्याचा मिळून सुमारे एक तास!

“समज, गाडी चौथाईने जोरात पळाली,” आबांनी मला विचारले, “तर एका खेपेमागे किती वेळ वाचेल?”

“बारा मिनिटे,” मी म्हणालो.

“आणि रांगेत बारा मिनिटे आधी पोचून?”

मी काही बोललो नाही. दादाच हसला आणि म्हणाला, “बारा मिनिटे जास्त उभे राहायचे.”

तो हसला खरा. पण त्याचा निश्चय मोडला नव्हता. “हंगामाचे राहू द्या,” तो म्हणाला. “घाटाचे काय? गूळ भरून चिपळूणला उतरलो, की येताना कुंभार्लीचा चढ असतो. तिथे शक्ती लागतेच ना?”

हा प्रश्न वहीने सुटण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी दादाने तो मिस्त्रींपुढे ठेवला. मिस्त्रींनी विडी विझवली, कोल्हापूरचा दांडा हातात घेऊन फिरवला आणि बराच वेळ उंचवट्यांवरून अंगठा फिरवीत बसले.

“हवा जास्त जाईल, हे खरे,” ते म्हणाले. “पण केव्हा जाईल, ते बघितले पाहिजे.”

नंतर त्यांनी जे सांगितले ते मला पुरते कळायला पुढे काही वर्षे लागली. आज ते मी असे सांगेन. शाळेची घंटा होताच मुले धावत दारातून वर्गात शिरतात, तो देखावा डोळ्यांपुढे आणा. मुले वेगाने येत असतील, तर दार क्षणभर उशिरा लावल्याने आणखी चार मुले आत येतात. कारण मागच्यांचा रेटा पुढच्यांना आत लोटतो. पण मुले रमतगमत येत असतील आणि गुरुजी आतून मागच्या भिंतीकडून पुढे येऊ लागले असतील, तर उघड्या दारातून आत आलेलीही बाहेर सटकतात! इंजिनाचेही तसेच आहे. ते वेगाने फिरत असते तेव्हा आत शिरणाऱ्या हवेला रेटा असतो. झडप उशिरा मिटली तर जास्त हवा भरते. ते सावकाश फिरत असते तेव्हा हवेला रेटा नसतो. आणि झडप मिटण्यापूर्वीच वर येऊ लागलेला पिस्टन आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. उंच आणि रुंद उंचवट्यांचा दांडा वरच्या वेगाला जे देतो, ते खालच्या वेगाकडून काढून घेतो.

आणि आमच्या ट्रकची खरी परीक्षा खालच्या वेगालाच होती. काळ्या रानातल्या ओल्या वाटेवरून उसाने भरलेला ट्रक बाहेर काढताना, किंवा घाटाच्या वळणावर वेग मोडल्यावर पुन्हा जोर धरताना, इंजिन सावकाशच फिरत असते. तेथे त्याचा दम टिकला पाहिजे. आमचा भाग पैलवानांचा. मिस्त्री म्हणाले, “पळणाऱ्याचा दम वेगळा आणि कुस्ती धरणाऱ्याचा वेगळा. आपली गाडी कुस्तीची आहे.”

“शिवाय दुसरे असे,” त्यांनी डिझेल पंपावर बोट ठेवले. “यात गव्हर्नर आहे. ठरलेल्या वेगाच्या वर इंजिन जायला लागले, की हा डिझेल आखडतो.” आमचे इंजिन मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांच्या पलीकडे जाणारच नव्हते. ज्या वेगाला त्या दांड्याचा लाभ मिळायचा, त्या वेगाच्या दारातच पंपाचा पहारेकरी उभा होता.

डिझेल इंजिनाची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात हवा दाबून तिच्या मूळ आकाराच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतकी करतात. त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते, आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. रूडोल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याला या कल्पनेचे पेटंट १८९३ साली मिळाले, आणि १८९७ साली त्याचे यशस्वी इंजिन चालले. त्याचेच नाव त्या इंजिनाला आणि पुढे त्या तेलालाही मिळाले. आता हवाच जर उशिरा मिटणाऱ्या झडपेतून परत निघून गेली, तर उरलेली हवा पुरेशी दाबली जाणार नाही, म्हणून पुरेशी तापणार नाही. डिसेंबरच्या थंड पहाटे, फडावर जायच्या वेळी, असे इंजिन लवकर सुरू होत नाही. पांढरा धूर काढीत कुरकुरत राहते.

दादा शांतपणे ऐकत होता. तो हट्टी नव्हता. पण डोळ्यांनी पाहिल्यावाचून मानणाराही नव्हता. हे ओळखून मिस्त्री मला म्हणाले, “बाळ, आईकडून कणकेचा गोळा घेऊन ये. घट्ट मळलेला आण.”

आईला वाटले, मिस्त्रींना चहाबरोबर पोळी हवी आहे. खरा प्रकार कळल्यावर तिने हसत लिंबाएवढा गोळा माझ्या हातावर ठेवला. मिस्त्रींनी कोल्हापूरचा दांडा इंजिनात बसवला. एका पिस्टनच्या माथ्यावर, झडपांच्या बरोबर खाली, त्यांनी कणकेची पातळ थापटी लावली आणि तिला तेलाचे बोट फिरवले. वर हेड बसवून बोल्ट आवळले. नंतर दादाला क्रँक हाताने अगदी सावकाश दोन फेऱ्या फिरवायला सांगितले. हेड पुन्हा काढले. कणकेवर दोन्ही झडपांचे गोल ठसे उमटले होते. एका ठशाच्या तळाशी कणीक इतकी पातळ झाली होती की खालचे लोखंड दिसत होते.

पिस्टन वरच्या टोकाला येतो तेव्हा धुराची झडप अजून पुरती मिटलेली नसते आणि हवेची झडप नुकती उघडू लागलेली असते. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागा मुळातच फार थोडी ठेवलेली असते. कारण हवा कडेकोट दाबायची असते. झडपा जास्त उघडू लागल्या, तर पिस्टन त्यांवर आदळण्याचा धोका. “हाताने फिरवताना कागदाची फट आहे,” मिस्त्री म्हणाले. “गाडी तापली, उतारावर इंजिन चढले, की ही फट कुठे राहणार?”

दादाने त्या ठशाकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग तो आपण होऊन पुढे झाला, त्याने दांडा बाहेर काढला, पुसला आणि पोत्यात गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो कोल्हापूरला जाऊन दांडा परत करून आला.

आता राहिला पहिला मार्ग : जुनाच दांडा घासून घेणे. आबांचा ओढा तिकडे होता, कारण पैसे वाचत होते. मिस्त्रींनी पेटीतून एक कानस काढली. चांगल्या उंचवट्यावर ती घासली, तेव्हा काचेवरून नख सरकावे तशी ती सरकली. झिजलेल्या उंचवट्यावर घासली, तेव्हा ती धातूला चावली आणि चमकदार कीस खाली पडला. “दांड्याला वरून टणक कातडे दिलेले असते,” ते म्हणाले. “आत पोलाद मऊ असते. कारण सगळाच दांडा टणक केला तर धक्क्याने मोडेल. या दोन ठिकाणी कातडे गेले. आता घासून आकार येईल. पण तो टिकणार नाही.”

घासण्यातली दुसरी खोच त्यांनी तेव्हाच सांगितली. उंचवट्यावर नवा धातू चढत नाही. म्हणून त्याची उंची राखायची तर सगळीकडूनच धातू काढावा लागतो. ओट्याभोवतीची जमीन खणली की ओटा उंच दिसू लागतो, त्यातला हा प्रकार. कोल्हापूरच्या दांड्याची उंचीही अशीच आली होती. जितकी उंची हवी तितके खणायचे, आणि जितके खणायचे तितके टणक कातडे जायचे.

म्हणजे कंपनीचा नवा, साधा, मूळ मापाचा दांडा घेणे हाच मार्ग उरला, आणि तोच सर्वांत महाग होता. पैसे कोठून आणायचे? आबांनी खर्चाचा कागद पुढे घेतला. त्यावर इंजिनाखेरीज आणखी दोन कामे लिहिलेली होती : ट्रकच्या मागच्या फळ्या बदलणे आणि नवा रंग देणे. रंगाची हौस दादाची. दारांवर वेलबुट्टी आणि पाठीमागे मोर काढायचा, असे त्याने रंगाऱ्याशी बोलून ठेवले होते. फळ्या बदलणे भागच होते. आबांनी पेन्सिल उचलली आणि दादाकडे पाहिले. त्यांनी स्वतः रेघ मारली नाही. कागद त्याच्यापुढे सरकवला.

“ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने ठरवावे,” ते म्हणाले.

दादाने रंगाच्या ओळीवर रेघ मारली. मला मोर फार हवा होता. त्यामुळे ती रेघ मी अजून विसरलो नाही.

नवा दांडा पुण्याहून आला. मिस्त्रींनी तो तेलात न्हाऊ घातला आणि इंजिनात बसवला. क्रँकच्या चाकावरची खूण आणि कॅमच्या चाकावरची खूण त्यांनी तीन वेळा जुळवून पाहिली; एक दाता जरी चुकला तरी साऱ्या झडपांची वेळ चुकते. शेवटी झडपांच्या माथ्याशी पोस्टकार्ड जाईल-न-जाईल एवढी फट त्यांनी पातळ पट्टीने मोजून ठेवली. तापल्यावर धातू वाढतो. फट नसली तर झडप पुरती मिटत नाही. ज्या दिवशी इंजिन प्रथम सुरू झाले त्या दिवशी आबा, दादा, आई, आम्ही भावंडे, सारे छपराखाली उभे होतो. धूर आला, मग तो विरळ झाला, आणि इंजिन एका लयीत चालू लागले. मिस्त्रींनी कानाला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावून त्याचे टोक इंजिनावर टेकवले, डोळे मिटून ऐकले, आणि एवढेच म्हणाले, “झाले काम.”

तो हंगाम आमच्या ट्रकने जुन्या, विटलेल्या रंगात काढला. रस्त्यावर नव्या गाड्या त्याला मागे टाकून जात होत्याच. पण काट्यापुढच्या रांगेत त्या पुन्हा भेटत. जानेवारीत दादा गूळ घेऊन चिपळूणला गेला आणि परतीचा माल भरून कुंभार्ली घाट चढून आला. घरी आल्यावर मी त्याला उत्सुकतेने विचारले, “गाडी पळाली का?” तो म्हणाला, “पळाली नाही. पण कुठे थांबलीही नाही.”

हे सारे आठवताना मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दादाची इच्छा चुकीची नव्हती. सावकाश फिरताना दम आणि वेगाने फिरताना शक्ती, अशी दोन्ही एका इंजिनात असावीत, असे जगातील थोर अभियंत्यांनाही वाटत होते. १९८९ साली जपानच्या होंडा कंपनीने आपल्या मोटारीत असा कॅमशाफ्ट बसवला, की ज्यावर दोन प्रकारचे उंचवटे होते. कमी वेगाला एक प्रकार झडपा हलवी, वेग वाढला की दुसरा ते काम हाती घेई. आज रस्त्यावरच्या अनेक मोटारींत झडपांची वेळ चालता चालता बदलण्याची सोय असते. आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर झडपाही नाहीत आणि कॅमशाफ्टही नाही. दादाने विचारलेला प्रश्न मोठा होता; मात्र त्याचे उत्तर त्या वेळी त्या कोल्हापूरच्या दांड्यात नव्हते.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. यंत्रांशी माझा संबंध राहिला नाही. पण टाकून दिलेला तो झिजका दांडा मी मिस्त्रींकडून मागून घेतला होता. मी शिकवत असलेल्या प्रत्येक शाळेत तो माझ्या टेबलावर असे. वृत्ते शिकवताना मी तो मुलांच्या हाती देई. लघू कोठे, गुरू कोठे, हे ठरलेले असते म्हणून ओळ चालते. उंचवटा कोठे, सपाटी कोठे, हे ठरलेले असते म्हणून इंजिन चालते. मुले तो फिरवून पाहत, झिजलेल्या दोन उंचवट्यांवर बोट ठेवत आणि हे असे का झाले म्हणून विचारत.

दहावीचा निकाल लागला की पालक माझ्याकडे येत. कोणत्या शाखेला चांगली मागणी आहे, शेजारच्या मुलाने कोणती घेतली, असे विचारत. मी त्यांना बसायला सांगे, मुलाला जवळ बोलावी, आणि त्याची वही मागून घेई. वर्षभर तो कशात रमला, कोठे अडला, कोठे वेळ कसा गेला हे विसरला, ते आम्ही तिघे मिळून पाहत असू. पुष्कळदा त्यातून निघणारे उत्तर साधे असे, आणि ते ऐकून पालक क्षणभर हिरमुसत. अशा वेळी मुलाची नजर टेबलावरच्या त्या दांड्याकडे गेली, तर मी तो त्याच्या हाती देई आणि म्हणे, “हा जड आहे, दोन्ही हातांनी धर. आता याची गोष्ट ऐक.”